मिश्र नमुना

पेशीनिवडक यंत्र सकाळपासून तिसऱ्यांदा थांबलं, तेव्हा डॉ. नाझनीन मुजावर यांनी धैर्यशील चौगुलेला बोलावणं पाठवलं.

धैर्यशील संस्थेचा यंत्रदुरुस्तीवाला. कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे निघालं की डाव्या हाताला एक बसकी, लांबलचक इमारत लागते. मेंदूच्या आनुवंशिक आजारांवर तिथं काम चालतं. तिथली शीतपात्रं, पेशी वाढवायच्या पेट्या, सूक्ष्मदर्शक असं सगळं तो चौदा वर्षं सांभाळत होता. शिक्षण आयटीआयपर्यंत. पण कुठलं यंत्र का कुरकुरतंय हे त्याला आवाजावरून कळायचं, त्यामुळे डॉक्टर लोक त्याला मान देऊन होते.

पेशीनिवडकाचं काम सांगायला सोपं होतं. केसाएवढ्या नळीतून पेशी एकामागोमाग एक सोडायच्या. प्रत्येक पेशीच्या अंगावर ती कुठल्या माणसाची आणि कुठल्या कामाची हे सांगणाऱ्या खुणा असतात. यंत्र प्रकाशाच्या झोतात त्या खुणा वाचतं, हव्या त्या पेशी एका बाजूला घेतं, नको त्या कचऱ्याच्या बाटलीत टाकतं. त्या दिवशी पडद्यावर लिहून आलं होतं: ‘मिश्र नमुना. हजारात दोन पेशी दुसऱ्या व्यक्तीच्या. काम थांबवले आहे.’

नमुना शर्वरीचा होता. शर्वरी म्हणजे धैर्यशीलची बायको. आदल्या दिवशीच तिच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली होती.

“घरात काही अडलं तरी तुम्हीच आणि इथं अडलं तरी तुम्हीच,” डॉ. हर्डीकर हसत म्हणाले. ते मेंदूविकारांचे डॉक्टर, शर्वरीचा उपचार त्यांच्याकडे होता.

धैर्यशीलनं झाकण उघडलं, नळी धुतली, एक रबरी चकती बदलली. पुन्हा हजारात दोन. परत धुतली. तरी दोनच. तीन आठवड्यांपूर्वी मिरजेच्या एका पुरुष पेशंटच्या पेशी अशाच नळीत चिकटून राहिल्या होत्या आणि पुढच्या नमुन्यात उतरल्या होत्या. मुजावर मॅडमनी विचारलं, मागचंच काही उरलं असेल का? तो म्हणाला, दुसरं काय असणार. हजारात एकापेक्षा जास्त परक्या पेशी दिसल्या की थांबायचं, असं यंत्राला सांगून ठेवलेलं होतं. मॅडमच्या परवानगीनं त्यानं ती मर्यादा पाचावर नेली. यंत्र गप्प झालं, चालायला लागलं. त्या दोन-दोन पेशी कचऱ्याच्या बाटलीत पडत राहिल्या.

नोंदवहीत त्यानं लिहिलं: ‘मागील नमुन्याचे अवशेष. मर्यादा वाढवली. यंत्र ठीक.’ खाली सही केली.

शर्वरीच्या आजाराला संस्थेत मेदसाचण म्हणत. मेंदूतल्या तारांवर मेदाचं वेष्टन असतं. ते झिजतं तसं मोडून साफ करावं लागतं, आणि ते मोडायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. हे विकर बनवायची माहिती ज्या जनुकात असते ते आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं दोनदा मिळतं. शर्वरीला दोन्हीकडून बिघडलेलं मिळालं होतं. मग जुना मेद साचत जातो आणि मेंदू हळूहळू गुदमरतो.

तिच्या धाकट्या भावाला, सुयशला, हेच झालं होतं. चोविसाव्या वर्षी कामावरून येताना तो घराची गल्ली चुकला. पंचविसाव्या वर्षी त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. सव्विसाव्यात तो गेला.

शर्वरीला मात्र चाळिशीपर्यंत काही झालं नव्हतं. ती गावच्या दूध संस्थेत दुधाचं फॅट तपासायची. एके दिवशी तिनं म्हशीच्या दुधापुढे गाईचा आकडा लिहिला आणि गवळ्यांनी तिच्या नावानं ओरडा केला. नंतर हातातून भांडी पडायला लागली. तपासणीचा निकाल आला तेव्हा ती धैर्यशीलला म्हणाली, “जन्मभर लोकांच्या दुधातलं फॅट मोजलं. आता माझ्या डोक्यातलं मोजा म्हणावं तुमच्या डॉक्टरांना.”

त्यांनी मोजलं. तिच्या दंडावरची चिमूटभर कातडी घेतली, त्या पेशींना उलट पावली मूळ अवस्थेत नेलं आणि त्यांच्यापासून तांदळाच्या दाण्याएवढे मेंदूचे तुकडे वाढवले. त्यांना मेंदूकणिका म्हणत. माणसात जे व्हायला वर्षं लागतात ते कणिकेत आठवड्यांत दिसतं. सुयशची कातडीही एका रुग्णालयानं गोठवून ठेवलेली होती. बहीणभावाच्या कणिका शेजारी शेजारी वाढवल्या. दोन्ही अकराव्या आठवड्यात मेल्या.

मज्जा काढायच्या बऱ्याच आधी, यावरून दोघा डॉक्टरांत नवराबायकोसमोरच वाद झाला होता.

मुजावर मॅडमचं म्हणणं असं, की तबकडीतल्या कणिकेतली शर्वरी अगदी सुयशसारखी आहे आणि खुर्चीत बसलेली शर्वरी तशी नाही, याचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. हर्डीकर म्हणाले, कणिका म्हणजे काही पुरा माणूस नव्हे. बाईंचा आजार सौम्य आहे, पंधरा-सोळा वर्षं उशिरा आलाय, डोळ्यांना दिसतंय ते मानावं.

“पुरा माणूस नाही म्हणूनच विचारते,” मॅडम म्हणाल्या. “कणिकेत नाही असं काहीतरी माणसात आहे. ते काय?” मग त्या शर्वरीकडे वळल्या. “हे विकर विरजणासारखं असतं, ताई. एका पेशीनं बनवलं की ते तिच्यापुरतं राहत नाही. थोडं बाहेर झिरपतं, शेजारची पेशी ते उचलून घेते. गल्लीत दोनच घरी विरजण असलं तरी सगळ्यांकडे दही लागतं की नाही?”

“लागतंय की,” शर्वरी म्हणाली.

“तर तुमच्या गल्लीत कुणाच्या तरी घरी विरजण आहे असं मला वाटतंय. तुमच्या पेशी ते करू शकत नाहीत. मग बाहेरून कुणी आलंय का?”

त्यांनी फॉर्म पुढे घेतला आणि एकेक विचारत गेल्या. कधी मज्जा बदलली? नाही. एखादा अवयव? नाही. रक्त चढवलं? नाही. फॉर्मवर पुढचा शब्द होता ‘अपत्ये’. मॅडमनी तो बोलीत विचारला. “मूलबाळ?”

शर्वरीचा पर्सच्या साखळीशी चाळा चालला होता. तो थांबला. तिनं मान वर केली. ती काहीतरी बोलणार हे धैर्यशीलला कळलं, आणि तिला बोलावं लागू नये म्हणून तो पटकन म्हणाला, “नाही.”

हा शब्द त्याच्या तोंडात बसलेला होता. एकोणीस वर्षं तो लग्नांत, बारशांत, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांना हेच सांगत आला होता. समोरचा प्रश्न विचारतोय असं दिसलं की शर्वरीच्या आधी आपण उत्तर द्यायचं. बायकोसाठी आपण एवढं तरी करतो, असं त्याला वाटायचं.

मॅडमनी रेघ मारली. शेजारच्या कागदावर त्यांनी वंशावळ काढली होती. शर्वरीसाठी गोल, त्याच्यासाठी चौकोन, मधे आडवी रेघ. रेघेखाली काहीच नव्हतं.

मोटारसायकलवरून घरी येताना शर्वरी पर्सची साखळी धरून मागे बसली होती. पुलावर आल्यावर मागून म्हणाली, “सांगायला पाहिजे होतं काय हो?”

“त्यांना काय करायचंय त्याचं?”

“हं,” ती म्हणाली.

उपचार असा होता. शर्वरीच्या मज्जेतल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीच्या पेशी बनतात त्या, काढायच्या आणि त्यांच्यात बिघडलेल्या जनुकाची नीट प्रत बसवायची. मग औषध देऊन तिची मज्जा पूर्ण रिकामी करायची आणि सुधारलेल्या पेशी तिथं पेरायच्या. मज्जेतून निघणाऱ्या काही पेशी मेंदूत जाऊन सफाईचं काम करतात. औषधानं मेंदूतल्या जुन्या सफाई पेशीही मरतात. नव्या हळूहळू त्यांची जागा घेतात आणि विकर बनवून शेजाऱ्यांना वाटत राहतात.

“हळूहळू म्हणजे किती?” धैर्यशीलनं विचारलं होतं.

“दीड वर्ष,” हर्डीकर म्हणाले. “तेवढा काळ मेंदूत जुनं कुणी नसतं आणि नवं पोचलेलं नसतं. म्हणून सुयशसारख्यांना आम्ही हा उपचार देत नाही. त्यांचा आजार एवढा वेगानं जातो, की दीड वर्षात द्यायला कुणी शिल्लक राहत नाही. यांचं तसं नाही. यांच्याकडे दहा वर्षं आहेत. त्यातलं दीड गेलं तर काय बिघडलं?”

मुजावर मॅडमनी सहा महिने थांबू म्हणून सांगून बघितलं. धैर्यशीलनंच धीर धरला नाही. त्या सहा महिन्यांत शर्वरी घड्याळ वाचायचं विसरली तर कोण भरून देणार, असं तो त्यांना म्हणाला. मॅडमनी फॉर्म पुन्हा चाळला. परकं काही अंगात नाही असं फॉर्म म्हणत होता.

मज्जा रिकामी करायच्या आधी, न निवडलेल्या मज्जेची एक पिशवी तशीच गोठवून ठेवली. पेरलेलं उगवलं नाही तर परत द्यायला. तिला तारण म्हणत. ती पिशवी ज्या शीतपात्रात ठेवली, त्याची काळजी धैर्यशीलच घ्यायचा.

पेरलेलं उत्तम उगवलं. दोन महिन्यांनी रक्तात विकर दिसायला लागलं. हर्डीकरांनी पेढे मागितले, शर्वरीनं दूध संस्थेतून बासुंदी आणवली.

पाचव्या महिन्यात ती घराची गल्ली चुकली.

धैर्यशीलनं सुयशचं सगळं जवळून बघितलं होतं, त्यामुळे पुढचं त्याला पाठ होतं. सातव्या महिन्यात तिला ब्लाऊजची हुकं लावता येईनात. नवव्यात चमच्याचं काय करायचं ते सुचेना. भावाच्या मागे एकेक पायरी उतरत ती चालली होती, आणि त्याच्यापेक्षा जलद. हर्डीकर दर आठवड्याला मेंदूची चित्रं काढत आणि पडद्यासमोर बसून ती जुन्या चित्रांशी ताडून बघत. औषधाची मात्रा बरोबर होती. पेशी बरोबर होत्या. रक्तात विकर होतं, फक्त ते रक्तातून मेंदूत जात नव्हतं, आणि नव्या पेशी अजून वाटेत होत्या. चूक सापडत नव्हती. चूक सापडली असती तर दुरुस्त तरी करता आली असती. यंत्र बिघडलं की धैर्यशील ते उघडायचा. इथं उघडायला काहीच नव्हतं. तो फक्त तिचे केस विंचरायचा आणि भात मऊ करून भरवायचा.

दहाव्या महिन्यात तिला संस्थेच्याच रुग्णकक्षात आणलं. तिथं ब्रिजिता बारदेसकर नावाच्या सिस्टर होत्या, आजऱ्याकडच्या. पेशंट दिवसभर काय बोलतो, काय विसरतो ते सगळं त्यांना रोज एका तक्त्यात भरावं लागे. एके दिवशी धैर्यशील डबा घेऊन आला तर सिस्टर लिहीत होत्या आणि शर्वरी त्यांचा हात धरून सांगत होती, मला एक मुलगा आहे.

सिस्टरनी त्याच्याकडे बघितलं. “आज परत म्हणतायत ओ दादा. काय लिहू?”

धैर्यशीलनं डबा उघडला. “लिहा काय लिहायचं ते. डोकं ठिकाणावर कुठं आहे तिचं.”

सिस्टरनी ‘नसलेल्या व्यक्तींबद्दल बोलणे’ या रकान्यात खूण केली. शर्वरी त्याच्याकडे बघत राहिली. तिनं घास घेतला नाही.

त्यानंतर महिन्याभरानं मुजावर मॅडम त्याच्या दुरुस्तीच्या खोलीत आल्या. एरवी त्या निरोप पाठवायच्या. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तक्त्यांची चळत टेबलावर ठेवली.

“चौगुले, मी हे सगळं वाचलं. भ्रम रोज बदलतो. एक दिवस खिडकीत मांजर असतं, दुसऱ्या दिवशी वडील आलेले असतात. हे मात्र सोळा वेळा लिहिलंय, आणि सोळाही वेळा शब्द तेच आहेत. ‘मला एक मुलगा आहे. आठव्या महिन्यात झाला.’”

धैर्यशीलच्या हातात पेचकस होता. तो त्यानं ठेवला, परत उचलला.

“हा भ्रम आहे का?”

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. त्यानं पेचकस पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, “नाही.”

मग त्यानं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी, शर्वरी बावीस वर्षांची असताना, आठव्या महिन्यात पोटातली हालचाल बंद झाली. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मूल झालं, पण मेलेलं. मुलगा होता. धैर्यशीलनं त्याला टॉवेलात गुंडाळून नेलं आणि स्वतः खड्डा काढला. घरी आल्यावर त्याच्या आईनं दोघांना समोर बसवून सांगितलं, की त्याचं बारसं नाही, त्याला नाव नाही, तेव्हा ते झालंच नाही असं समजायचं. कुणी विचारलं तर नाही म्हणायचं. आईनं वाईट मनानं सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, असं केलं तर पोरीला लवकर विसर पडेल. नंतर परत दिवस गेले नाहीत.

“मूल कसं होतं दिसायला?”

“चांगलं होतं. सगळं नीट होतं.” तो थांबला. “गोरं होतं फार. आमच्यात एवढं गोरं कुणी नाही. आई म्हणाली, साहेबाचं पोर वाटतंय.”

मॅडमनी तक्ते बाजूला सारले. मग त्या सावकाश बोलल्या.

“गोरं नव्हतं, चौगुले. त्याच्यात रक्त नव्हतं. कधी कधी वारेत एक फट पडते आणि बाळाचं रक्त आईच्या अंगात वाहून जातं. थोडं सगळ्याच बाळांचं जातं. काहींचं जवळजवळ सगळं जातं. मग ते असं पांढरं होतं आणि मरतं.”

“सगळं रक्त तिच्यात गेलं?”

“रक्त आणि त्यातल्या मूलपेशी. त्या तिच्या मज्जेत राहिल्या, तिथून मेंदूत गेल्या. त्याचं एक जनुक शर्वरीचं, बिघडलेलं. दुसरं तुमचं, चांगलं. म्हणजे तो विकर बनवू शकत होता.”

धैर्यशीलला सगळं एकदम कळलं नाही. आधी त्याला पेशीनिवडक यंत्राचा पडदा आठवला. हजारात दोन पेशी दुसऱ्या व्यक्तीच्या. मग स्वतःचं अक्षर आठवलं. यंत्र ठीक. यंत्र खरंच ठीक होतं.

“गल्लीतलं विरजण,” तो म्हणाला.

मॅडमनी मान हलवली.

“आणि आपण मज्जा रिकामी केली.”

“हो.”

शर्वरीचा आजार कधीच सौम्य नव्हता. तो सुयशचाच आजार होता, तेवढाच वेगवान. कणिका खरं सांगत होत्या. एकोणीस वर्षं तो मुलगा, चाळिशीत थोडा कमी पडू लागला तरी, आत बसून आईला सांभाळत होता, आणि त्या एकट्या गोष्टीमुळे ती उपचाराला योग्य ठरली होती. उपचाराचं पहिलं काम म्हणजे त्याला बाहेर काढणं.

मॅडमनी तारणाच्या पिशवीतून काही थेंब घेऊन तपासले. त्यात पुरुषाच्या पेशी होत्या, अर्ध्या खुणा शर्वरीच्या आणि अर्ध्या धैर्यशीलच्या. डॉ. हर्डीकर निकालाचा कागद घेऊन त्याच्याकडे आले. ते दारातच उभे राहिले. म्हणाले, मी फॉर्मवर ‘अपत्ये’ असं छापलं. ‘दिवस किती वेळा गेले होते’ असं विचारायला पाहिजे होतं. कुठलीही नर्स तसंच विचारते. धैर्यशील म्हणाला, कसंही विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. हर्डीकरांनी कागदाची घडी घातली. जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

धैर्यशीलला एकच विचारायचं होतं. ती पिशवी आहे ना? ती परत द्या.

मॅडमनी त्याला फसवलं नाही. दिली तर त्या पेशी पुन्हा मज्जेत रुजायला हव्यात, तिथून मेंदूत जायला हव्यात. पुन्हा दीड वर्ष. शर्वरीच्या सुधारलेल्या पेशीही आठ महिन्यांत मेंदूत पोचणारच होत्या. त्यांच्यात काही कमी नव्हतं. वेळ नव्हता. हर्डीकरांच्या अंदाजानं शर्वरीकडे तीन महिने होते, चार झाले तर नशीब.

“थेट डोक्यात सोडल्या तर?”

“हजारात दोन आहेत, चौगुले. तेवढ्यांतून कोट्यवधी वाढवायला पाच महिने लागतील. आणि मेंदूचं जे गेलंय ते परत येत नाही. राहिलेलं फक्त टिकतं.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “पण त्या वाढवायला हव्यात असं मला वाटतं. परक्या अंगात एकोणीस वर्षं तगलेल्या आणि मेंदूत एवढ्या चांगल्या बसलेल्या पेशी मी पाहिल्या नाहीत. त्या कशा बसल्या हे कळलं तर दीड वर्षाचे दीड महिने करता येतील. सुयशसारख्या मुलांसाठी.”

“करा की मग.”

“मला एकटीला करता येत नाही. पिशवीवर शर्वरीचं नाव आहे. या पेशी शर्वरीच्या नाहीत. कायद्यानं त्या दुसऱ्या माणसाच्या आहेत, तर त्या माणसाची संमती लागते. तो देऊ शकत नसेल तर पालकांची.”

त्यांनी संमतीपत्र पुढे केलं. दात्याशी नाते, असा एक रकाना होता. धैर्यशीलनं तिथं ‘वडील’ असं लिहिलं. हा शब्द स्वतःबद्दल त्यानं कधी लिहिला नव्हता. काना-मात्रा बरोबर आहेत ना, ते त्यानं दोनदा पाहिलं.

वर दात्याचं नाव होतं. नेहमीसारखे तीन रकाने. आडनाव. नाव. वडिलांचे नाव. पहिल्यात त्यानं चौगुले लिहिलं. तिसऱ्यात धैर्यशील लिहिलं. मधल्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“मोकळं ठेवलं तरी चालेल,” मॅडम म्हणाल्या. “मी तिथं रेघ मारीन.”

“रेघ नको,” तो म्हणाला. “विचारून येतो.”

दुपारचे चार वाजले होते. रुग्णकक्षात सिस्टर बारदेसकर शर्वरीला कुशीवर वळवून पाठीला पावडर लावत होत्या. धैर्यशील आत आला तेव्हा त्यांनी तक्ता दाखवला. मुलाबद्दलची शेवटची खूण नऊ दिवसांपूर्वीची होती. त्यानंतर शर्वरीचं बोलणंच गेलं होतं. आता काहीही विचारलं तरी ती एकच उत्तर द्यायची.

सिस्टर बाहेर गेल्या. धैर्यशीलनं खुर्ची ओढून पलंगाशी घेतली. शर्वरीचे डोळे उघडे होते आणि त्याच्याकडे होते.

त्यानं तिला सगळं सांगितलं, मॅडमनी सांगितलं होतं तसंच, विरजणासकट. तिचं खरं होतं आणि आपण खोटं बोललो, हेही सांगितलं. तिला किती कळलं ते समजायला मार्ग नव्हता.

“शर्वरी, त्याला नाव ठेवलं होतंस का तू? मनातल्या मनात?”

“हं,” ती म्हणाली.

ठेवलं असणारच. एकोणीस वर्षं तिनं कुठल्यातरी नावानं त्याला हाक मारली असणार, चुलीपाशी, दूध संस्थेत, गाडीवर त्याच्या मागे बसलेली असताना. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

त्यानं गुडघ्यावर संमतीपत्र पसरलं आणि पेन उघडलं.

“समरजित?”

“हं.”

“सुयश? भावाचं ठेवलं होतंस?”

“हं.”

“मल्हार?”

“हं.”

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. यंत्राचा आवाज ऐकावा तसा तो तिचा हुंकार ऐकत होता, एखादा जरा वेगळा येतो का म्हणून. सगळे सारखे होते.

“पृथ्वीराज?”

“हं.”

शाई वाळायला लागली होती. धैर्यशीलनं पेनाचं टोपण लावलं, आणि पुढचं नाव विचारलं.